मागच्या बाकांचा प्याला

चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, घडवणाऱ्या त्या विद्यालयात बाईंच्या तासाची पोरांना धास्तीच असायची. बाई बायबलातला मेजवानीचा एखादा प्रसंग वाचून घ्यायच्या आणि विचारायच्या, "भांडी कोणी घासली?" पोरं पानं उलटसुलट करायची. उत्तर कुठेच नसायचं. "नाही ना लिहिलेलं? मग तिथूनच सुरुवात करा," असं म्हणून बाई खडू खाली ठेवायच्या.

'भांडीवाल्या बाई' हे नाव इतर मास्तरांनी पाडलं. बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. न्याय हा काही वेगळा विषय नाही, प्रार्थनेला बसलात की तोही शेजारी येऊन बसतो, असं त्या म्हणायच्या. नुसतं म्हणून थांबायच्या नाहीत, पोरांना कोर्टाच्या व्हरांड्यात नाहीतर इस्पितळाच्या धुलाईखान्यात नेऊन बसवायच्या. लग्न केलं नव्हतं. धाकटी बहीण चिडवायची, "ताई, स्वतःचा संसार नाही म्हणून जगाचा थाटतेस होय?"

त्यांचा सगळ्यात लाडका विद्यार्थी म्हणजे डुलक्या. तासाला हमखास पेंगायचा, म्हणून हे नाव. पण मधेच डोळे उघडून असा काही प्रश्न विचारायचा की जागी पोरंच झोपेतून उठल्यासारखी दिसायची. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला वर्गापुढे प्रवचन करावं लागे. डुलक्याने प्याल्यावर केलं. त्यांच्या उपासनेत द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्यांत फिरतो, आणि बहुतेक ठिकाणी तो आधी पुढच्या बाकांवर, म्हणजे बड्या घरच्यांकडे जातो. मागच्यांपर्यंत येईतो तळ दिसायला लागलेला असतो. "देवाच्या घरात तरी रांग उलटी लागू दे," डुलक्या म्हणाला. बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले, आणि वर म्हणाल्या, "जिथे जाशील तिथे पहिल्याच रविवारी हे करून दाखव."

हे म्हणायला नको होतं.

डुलक्याला मिळालेली मंडळी, म्हणजे चर्च, साबणाच्या कारखान्याशेजारची. पुढच्या बाकांवर कारखान्याचे मालक आणि त्यांचा गोतावळा, मागच्या बाकांवर साबणाच्या वड्या गुंडाळणाऱ्या बायका. बाईंचा शब्द म्हणजे याला काळ्या दगडावरची रेघ. पहिल्याच रविवारी पठ्ठ्या प्याला घेऊन सरळ मागे गेला. बायका बावरल्या, पण पाळकाने पुढे केलेला प्याला नको कसा म्हणायचा? प्यायल्या. मालकांच्या घरचे एकेक करून उठले आणि बाहेर पडले. भांडण नाही, तंटा नाही. सोमवारी त्या बायकांना कारखान्याच्या फाटकावरूनच परत पाठवलं. थोड्याच दिवसांत डुलक्यालाही नारळ मिळाला, आणि तो भावाच्या टायरच्या दुकानात पंक्चर काढायला बसला.

बाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. वरिष्ठांच्या दारी चपला झिजवल्या, नको नको ते ऐकून घेतलं. शेवटी वरिष्ठ म्हणाले, "मंडळीतल्या लोकांनी मागितला तर पाठवू परत." बाईंना आकाश ठेंगणं झालं. मागचे बाक त्याला मागणार नाहीत तर कोणाला मागतील! त्यांनी दुकानात जाऊन डुलक्याला सांगितलं. तो हाताचं काळं पुसत म्हणाला, "त्यांना त्रास होणार नसेल तरच हं, बाई."

रविवारी उपासनेआधीच बाई तिथे पोचल्या. पायरीवर त्यांना वड्या गुंडाळणारी ती बाई भेटली, जी त्या दिवशी सगळ्यांत आधी प्यायली होती.

"माणूस गुणाचा हो," ती म्हणाली. "माझी सासू आजारी होती तर उशाशी बसून राहायचा."

"मग मागा ना त्याला परत! तुम्ही सगळ्या बोललात तर येईल तो."

"नको, बाई." तिने पदर सावरला. "आत्ता कुठे कामावर परत घेतलंय. त्यातही दोघींना नाहीच घेतलं. पुन्हा तसं झालं तर काय करायचं?"

"पण त्याने तुमच्यासाठीच केलं."

"ते खरंच हो. आधी आम्हाला बोलला असता तर आम्हीच म्हटलं असतं, थांबा जरा."

डुलक्याच्या प्रवचनातला शब्द न् शब्द बाईंनी तपासला होता. मागच्या बाकावरच्यांना कोणी विचारलंय का, एवढंच तेवढं त्यांच्या मनात आलं नव्हतं. त्या निमूट आत जाऊन तिच्याशेजारी, सगळ्यात मागे बसल्या.

नवा पाळक गोडबोल्या होता. प्याला हातात घेऊन तो म्हणाला, "आज विद्यालयाच्या बाई आपल्यात आहेत. पाहुण्यांचा मान पहिला. या बाई, पुढे या."

मालकांनी स्वतः उठून जागा केली. बाई हलल्या नाहीत. 'इथून सुरुवात करा,' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात शेजारणीने त्यांचा हात दाबला. "जा हो बाई," ती कुजबुजली. "बसून राहिलात तर आम्हीच शिकवलं म्हणतील."

बाई उठल्या. पुढे गेल्या, आणि सगळ्यांच्या आधी प्यायल्या. मग मालकीणबाईंशेजारी बसल्या. प्याला मागे मागे जात राहिला, पण वळून बघायची त्यांची छाती झाली नाही.

तिथून त्या थेट दुकानात आल्या. डुलक्या टायरातून ट्यूब ओढत होता. बाईंचा चेहरा बघून तो काय ते समजला.

"सगळ्या कामावर आहेत ना?" त्याने विचारलं.

"दोघी नाहीत."

त्याने मान खाली घातली. बाई म्हणाल्या, "डुलक्या, आज मला पहिला प्याला दिला. मी घेतला."

आता हा भडकेल, वर्गात भांडायचा तसा भांडेल, असं त्यांना वाटलं. नव्हे, त्याने भांडावं म्हणूनच तर त्या आल्या होत्या. डुलक्याने स्टूल पुसून पुढे सरकवलं.

"बरं केलंत, बाई," तो म्हणाला. "बसा."

त्याच्या आवाजात राग नावालासुद्धा नव्हता. बाई स्टुलावर बसल्या आणि तोंडाला पदर लावून ढसाढसा रडल्या.