पहिलं नको

आम्हा मराठी ज्यूंत चहाला एकदा नको म्हणायचं, जेवणाला दोनदा, आणि मुलीला मागणं आलं तर तीनदा. हे कुणी शिकवत नाही, आईच्या दुधातूनच येतं. माझी बायको दिना तर या खात्याची मामलेदार. पाहुणा "नको" म्हणाला की ती कप भरायलाच घेते. आणि कुणी पहिल्या फटक्यात "हो" म्हणालं, तर तो जिना उतरतो न उतरतो तोच मला ऐकवते, "बघितलंत? घरी चूल पेटत नसेल त्यांच्या."

म्हणून मिल्का नवगावकरची गोष्ट ऐकून आता आमच्यातला कुणी हसत नाही. बाकीचे हसतात. हसू देत.

मिल्का आमच्या वरच्या मजल्यावर राहायची, आईबरोबर. लग्न केलं नाही. म्हणजे झालं नाही. सूतगिरणीच्या बसवर मकलूफ नावाचा ड्रायव्हर होता, मोरोक्कोवाला, मिशा अशा की आरशात मागची बस दिसायची नाही. त्याने तिला विचारलं होतं म्हणतात. बसथांब्यावर, दिवसाढवळ्या, सगळ्या पाळीसमोर. मिल्का लाजली आणि म्हणाली, "छे, नको." मकलूफ सरळ माणूस. नको म्हणजे नको. उन्हाळा संपायच्या आत त्याने दुसरीशी लग्न लावलं, आणि आमच्या गिरणीतल्या बायकांनी तिथे जाऊन पोटभर जेवण केलं. मिल्काही गेली होती.

मी तिला एकदा छेडलं, "मिल्के, अजून दोनदा विचारेल म्हणून थांबली होतीस ना?"

"हनोखभाई, तोंडाला कुलूप घाला आणि किल्ली दिनावहिनींकडे द्या."

नाही असं काही ती म्हणाली नाही, एवढं लक्षात घ्या.

पुढे तिची आई सिपोराबाई अंथरुणाला खिळली. खिळली म्हणजे नुसतं अंग हलेना. जीभ चालूच होती. पेज पातळ झाली, पेज घट्ट झाली, खिडकी उघड, वारा येतो, बंद कर, जीव घुसमटतो. मिल्काने गिरणी सोडली. दोनचार महिन्यांचा प्रश्न आहे असं डॉक्टर म्हणाले होते. सिपोराबाईंनी त्या डॉक्टरला पोचवला, त्याच्यानंतरच्यालाही निवृत्त केलं. तोवर गिरणीलाही टाळं लागलं. मिल्काच्या केसांत पांढरं आलं, आणि मग एका सकाळी सिपोराबाई, पेजेला नावं न ठेवताच, गेल्या.

सात दिवसांच्या सुतकाला अश्दोदहून तिचा भाऊ शिमशोन आला. निघताना दारात म्हणाला, "ताई, आमच्याकडे चल राहायला." त्याच्या बायकोने तोवर बूट घातले होते. मिल्का म्हणाली, "नको रे, तुम्हाला अडचण." त्याने तिच्या डोक्यावर ओठ टेकले आणि खाली उतरला. तो आमच्यासारखा बाहेरून आलेला नाही, या देशातच जन्मलेला. त्याला आमचं मराठी येतं, आमचं नको येत नाही.

आईबरोबर आईचं म्हातारपणाचं पेन्शनही गेलं. घर भाड्याचं. वाळवंटातल्या आमच्या गावात घरं स्वस्त, पण फुकट नाहीत. मिल्काचं म्हातारपण सरकारच्या हिशेबाने अजून सुरू व्हायचं होतं. मधली ही वर्षं निभवायला एकच वाट होती: रोजगार कचेरीतून भत्ता. तो मिळाला तर आईचं घर राहील, नाहीतर नाही. तिने ते मला जिन्यात सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं.

कचेरीत पहिल्या खिडकीवरचा पोरगा म्हणाला, "बेकारभत्ता कालपरवा काम सुटलेल्यांना. तुमचं कधी सुटलं?"

तिने सांगितलं.

"बाई, तेव्हा मी शाळेतसुद्धा नव्हतो."

मग तिला दुसऱ्या खिडकीवर पाठवलं. तिथे ल्युडमिला. रशियातून आलेली, लाल केस, काम चोख. तिने नीट समजावलं: तुम्हाला बेकारभत्ता नाही, पण उदरनिर्वाहाचा भत्ता मिळू शकतो. दर आठवड्याला इथे हजेरी. आणि आम्ही काम देऊ केलं आणि तुम्ही नाकारलंत, तर तो महिना आणि पुढचा महिना भत्ता बंद.

"समजलं?"

"समजलं," मिल्का म्हणाली. खरंच समजलं होतं. ती घरी येऊन दिनाला म्हणाली, "वहिनी, मी कशाला नाकारीन? मला तर काम हवंच आहे. घरात भिंतींशी बोलायची वेळ आली."

काही आठवडे हजेरी लावून झाली. भत्ता सुरू झाला. मिल्का हजेरीला चांगला फ्रॉक घालून जायची, ओठांना जरा लाली. मी म्हटलं, "काय, कचेरीत कोण मिशीवाला आहे का?" तर म्हणाली, "ल्युडमिला माझी चौकशी करते. कशी आहेस विचारते."

आणि मग तो मंगळवार आला. ल्युडमिलाने डोकं वर काढून विचारलं, "वृद्धाश्रमात कपडे धुण्याचं काम आहे. तुमच्या घरापासून चालत जाण्यासारखं. घेणार?"

मिल्काच्या मनात काय झालं असेल ते मला विचारा. ऊर भरून आला असेल. एवढी मोठी कचेरी, एवढी गर्दी, आणि या बाईने आपल्यासाठी घराजवळचं काम शोधलं! अशा वेळी आपल्या माणसाच्या तोंडून काय निघतं?

"नको, नको," मिल्का म्हणाली. "माझ्यासाठी तुम्ही कशाला एवढा त्रास घेता?"

ल्युडमिलाने एक कळ दाबली.

मिल्का बसून राहिली. हसत. ल्युडमिला पुन्हा म्हणेल, "अहो, त्रास कसला?" मग आपण म्हणू, "बरं, तुम्ही एवढं म्हणता तर..." 

"आणखी काही?" ल्युडमिला म्हणाली.

"नाही, काही नाही."

"मग पुढचा नंबर."

तरी ती घरी आली ती खुशीतच. "पोरगी घाईत होती," म्हणाली. "पुढच्या मंगळवारी विचारेल परत." दिनानेही मान डोलावली. "विचारेल की. घराजवळचं काम, ती काय सोडेल तुला?" दोघी बायका त्या वृद्धाश्रमात साबण कुठला वापरत असतील यावर चर्चा करत बसल्या. मीही तिथेच होतो. मलाही त्यात काही चुकलं असं वाटलं नाही.

पुढचे मंगळवार नुसती हजेरी लागली, कामाचं कुणी काढलं नाही. महिना उलटला. बँकेत भत्ता आला नाही. मिल्का कचेरीत गेली तेव्हा ल्युडमिला म्हणाली, "तुम्ही काम नाकारलंत."

"मी? कधी?"

"तुम्ही नको म्हणालात."

"पण मी एकदाच म्हणाले!"

हे वाक्य ल्युडमिलाने नंतर अख्ख्या कचेरीला सांगितलं, कचेरीने बाजाराला सांगितलं. बाजाराकडून माझ्याकडे आलं आणि मी सिनेगॉगमध्ये सांगितलं. मलिदा वाटताना लोक एकमेकांना म्हणायला लागले, "घे रे, एकदाच विचारतोय, मी रशियन आहे!" मिल्का त्या शनिवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही.

मी म्हटलं, अपील करू. बीर शेव्यात अपिलाची समिती बसते, मी तुझ्याबरोबर येतो, मी समजावून सांगतो. मिल्का म्हणाली, "नको, हनोखभाई, तुम्हाला कशाला..." मी म्हटलं, "गप्प. मी तिन्ही वेळा विचारलंय असं समज."

बसमध्ये पूर्ण रस्ताभर मी तिला पढवलं. "तिथे कुणी काही विचारलं की हो म्हणायचं. लगेच. पहिल्यांदाच. काय म्हणायचं?"

"हो."

"काम करणार?"

"हो."

"गाढवावर बसणार?"

"हो. तुमच्या."

समितीत तिघं होते. मधे खेदूरी नावाचे बगदादवाले वकील, टक्कल, मऊ आवाज. एका बाजूला एक झोपाळू गृहस्थ. दुसऱ्या बाजूला एक बारीक बाई, हातातल्या पेन्सिलीसारखीच टोकदार.

मी उभा राहिलो आणि बोललो. आयुष्यात एवढं चांगलं कधी बोललो नसेन. "साहेब, आमच्यात पहिलं नको म्हणजे नकार नसतो. तो दारावरचा पडदा असतो. पाहुण्याने तो बाजूला सारायचा आणि आत यायचं. या बाईने पडदा लावला आणि दाराआड उभी राहिली, कुणी येईल म्हणून. कुणी आलं नाही. यात तिचा गुन्हा काय?"

खेदूरींचा चेहरा विरघळला. "माझी आई अशीच होती," ते म्हणाले. "तिला खजूर द्यायचा तर शपथा घालाव्या लागायच्या." झोपाळू गृहस्थही जागे झाले. मी मिल्काकडे पाहिलं. जिंकलो होतो आम्ही.

तेवढ्यात शिपाई कॉफी घेऊन आला. त्या बारीक बाईने सहज, कागदातून मान वर न करता, मिल्काला विचारलं, "तुम्ही घेणार?"

मिल्काने माझ्याकडे पाहिलं. शहाण्या मुलीसारखी ताठ बसली.

"हो," म्हणाली. "दोन चमचे साखर."

बारीक बाईने मान वर केली.

"म्हणजे हो म्हणता येतं यांना."

"बाई, ते मी शिकवलं!" मी ओरडलो. "बसमध्ये!"

"असं?" ती म्हणाली. "आणखी काय काय शिकवलंत बसमध्ये?"

खेदूरींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला त्यांच्या आईची आठवण झाली, जिला मी कधी पाहिलं नव्हतं. अपील फेटाळलं. मिल्काने मात्र कॉफी संपवली. आणलेली टाकायची कशी? कप बशीत नीट ठेवला आणि तिघांना शालोम म्हणून बाहेर आली.

परतीच्या बसमध्ये मी तोंड उघडलं नाही. हे माझ्या बायकोला खरं वाटत नाही. गाव जवळ आल्यावर मिल्काच म्हणाली, "मन लावून घेऊ नका. कॉफी मला खरंच हवी होती."

पुढचे दिवस कठीण गेले. दिना रोज ताट घेऊन वर जायची. मिल्का दार अर्धं उघडून म्हणायची, "जेवले मी, वहिनी." दिना दुसऱ्यांदा म्हणायची, मग तिसऱ्यांदा, आणि मिल्का तिसऱ्यांदाही नको म्हणायची. तिसऱ्या नकोनंतर काय करायचं हे आमच्यात कुणालाच माहीत नाही. दिना ताट घेऊन खाली यायची आणि ते झाकून तसंच ठेवायची. मी खायला गेलो तर हातावर मारायची.

घरमालकाला दोन महिने थांबायची सवय नव्हती.

मंगळवारी मिल्का हजेरीला गेली. ल्युडमिला म्हणाली, "मृत समुद्राकाठच्या हॉटेलात चादरी धुण्याचं काम आहे. लांब आहे, पण राहायला खोली देतात. तुम्ही..."

"हो," मिल्का म्हणाली. "घेणार" हा शब्दही तिने पुरा होऊ दिला नाही. ल्युडमिलाने मला बाजारात सांगितलं, "मला वाटलं, या वयात लांब जाणं जमेल का ते विचारावं. विचारायला वेळच दिला नाही त्यांनी."

सामान एका टेम्पोत मावलं. सिपोराबाईंचा पलंग शिमशोनने नेला नाही, तो आम्ही सिनेगॉगच्या तळघरात ठेवला.

आता वर एक तरुण जोडपं राहतं. भांडतात छान, ऐकू येतं. मिल्का शुक्रवारी दुपारी फोन करते, शब्बाथचे दिवे लावायच्या आधी. खोली बरी आहे म्हणते. खिडकीतून पाणी दिसतं. बाजूच्या खोल्यांतल्या बायका पाळ्या बदलत असतात, तोंडओळख होईपर्यंत कोणी टिकत नाही. चादरींच्या वासाने सुरुवातीला डोकं दुखायचं, आता नाही. दिना तिला विचारते जेवलीस का, ती म्हणते जेवले. दिना पुन्हा विचारते. फोनवर कळत नाही खरं काय ते.

मागच्या शुक्रवारी मी दिनाच्या हातून फोन घेतला. म्हटलं, "मिल्के, आम्ही दोघं तिकडे येऊ म्हणतोय एखाद्या दिवशी. त्या समुद्राचं मीठ अंगाला लावून घ्यायला. माझे गुडघे मुरंब्यासारखे झालेत."

"या," ती म्हणाली.

मी थांबलो. "अहो, याच!" असं काही येईल. "आला नाहीत तर बोलणार नाही!" असं काही. आपल्या माणसाचं बोलावणं असंच असतं, एकावर एक, तीन थर. पलीकडे कुठेतरी धुण्याचं यंत्र फिरत होतं. तिने शब्बाथ शालोम म्हटलं आणि फोन ठेवला.

दिना दिव्यांत तेल घालत होती. तिला सगळं ऐकू आलं होतं.

"एकदाच म्हणाली?"

"एकदाच."

"मग जायचं की नाही आपण?"

आज मंगळवार. बसचं वेळापत्रक मी आणून ठेवलंय. आम्ही दोघं अजून ठरवतोय.