सगळेच साठ वर्षांचे

नंदुरबारच्या एका लहान दवाखान्यात मी रक्त तपासायला लागले, तेव्हा साठचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी नाशिककडची. इथली अहिराणी पहिले सहा महिने माझ्या डोक्यावरून जायची. आमचे डॉक्टर पन्नाशीचे, स्वभावाने चौकस. त्यांनी एक वही ठेवली होती. ज्यांचं रक्त कमी आहे अशा सगळ्यांची नोंद त्यात व्हायची, आणि लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही ते वाढत नाही, अशांच्या नावापुढे खूण असायची. शिवाय प्रत्येकाचं गाव, बाई की पुरुष, काम काय आणि वय.

बहुतेक लोकांना गोळ्या लागू पडत. गालांवर रंग येई आणि ते पुन्हा दवाखान्याकडे फिरकत नसत. पण कोरीटची एक म्हातारी होती, तिला काही केल्या फरक पडेना. बारीक, काटक, तोंडाने तिखट. पूर्वी दिवसभर बसून मिरचीचे देठ काढणारी बाई, आता ओट्यावरून उतरतानाही धापा टाकायची. डॉक्टरांनी तिच्या छातीच्या हाडातून सुईने मगज, म्हणजे रक्त तयार करणारी अस्थिमज्जा, काढला. काचेवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बराच वेळ बघितला.

"मगज भरपूर आहे," ते मला म्हणाले, "पण पेशी नीट घडत नाहीत. कारखाना चालू आहे, माल कच्चा निघतोय."

आज या आजाराला मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम असं लांबलचक नाव आहे. तेव्हा आम्ही नुसतं 'गोळीला दाद न देणारा पंडुरोग' म्हणायचो. हा म्हातारपणीचा रोग, पुरुषांत जरा जास्त, एवढं डॉक्टरांनी पुस्तकात वाचलं होतं. आपल्या भागात तो कोणाला होतो, हे मात्र कोणीच मोजलं नव्हतं. त्यांनी त्या काचा आणि आमच्या वहीची नक्कल मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात पाठवली.

महिन्याभराने उत्तर आलं. काचा पाहून त्यांनी डॉक्टरांचा अंदाज बरोबर ठरवला होता. शेवटी एकच प्रश्न होता: तुमच्या यादीतले सगळे रोगी साठ वर्षांचे कसे?

डॉक्टरांनी वही माझ्यापुढे सरकवली. खरंच, वयाच्या रकान्यात साठ, साठ, साठ, मध्येच एखादे चाळीस, पुन्हा साठ. अक्षर माझंच होतं. मी तरी काय करणार? वय विचारलं की लोक 'तीन वीसा' म्हणायचे आणि मी साठ लिहायची.

"वयावरच तर सगळं आहे," डॉक्टर म्हणाले. "जा, नीट विचारून या."

म्हणून मी बैलगाडीने कोरीटला गेले. म्हातारी अंगणात बसली होती, शेजारी तिची सून मिरच्या निवडत होती. सून पंचेचाळिशीची, धिप्पाड. दोघींचं दिवसभर वाजायचं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

"माय, तुमचं खरं वय किती?" मी विचारलं.

"वय कितलं? तुले वाटी तितलं लिखी ले!" तिने हात उडवला.

"शंभरनी शे ती," सून म्हणाली.

"आन तू काय सोळानी शेस?"

एवढ्यात आजूबाजूचे चार म्हातारे येऊन बसले आणि मोठं कोण यावर वाद जुंपला. मीही मग वय विचारायचं सोडून दिलं आणि लग्न कधी झालं ते विचारलं.

म्हातारीचा चेहरा खुलला. "मन्हा लगीननी येळे आगगाडी नवीनच उनी व्हती! आख्खं वऱ्हाड माले सोडीसन गाडी देखाले गयं!" नवरी मांडवात एकटी आणि वऱ्हाड रुळांवर. त्या वेळी ती किती मोठी होती? तिने हाताने उंची दाखवली, शेजारच्या नऊ वर्षांच्या पोरीएवढी.

परत आल्यावर मी थेट स्टेशनवर गेले आणि पहिली गाडी कोणत्या साली आली ते विचारलं. स्टेशनमास्तरांना वाटलं, माझं काही सामान हरवलंय. कारण सांगितल्यावर ते इतके हसले की चहा पाजूनच सोडलं. साल मिळालं, नऊ वर्षं मागे गेले. म्हातारी बहात्तर वर्षांची निघाली.

मग मला चटकच लागली. छप्पन्याच्या दुष्काळात तुम्ही रांगत होता की चालत होता? मानमोडीची साथ आली तेव्हा मूल कडेवर होतं का? गावातले एक मुसलमान रंगारी वहीत साठचे होते. त्यांची आई मानमोडीच्या, म्हणजे १९१८ च्या तापाच्या साथीतच बाळंत झालेली, म्हणजे ते पंचेचाळीसचे. हिशेब ऐकून ते उठूनच उभे राहिले.

"बाई, ये पंधरा साल पहले बताती ना!" म्हणाले. "घरात सगळे मला बुढा समजून कोपऱ्यात बसवतात." त्यांचं रक्त गोळ्यांनी केव्हाच सुधारलं होतं.

नवी वही लिहून झाली आणि डॉक्टर तिच्यावर वाकले. गोळ्यांनी बरे झालेले बहुतेक तरुण किंवा मधल्या वयाचे होते. दाद न देणारे चारजण उरले, तीन पुरुष आणि आमची म्हातारी. चौघेही पासष्टीच्या पुढचे. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"चार माणसांवरून काही ठरत नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि यात तोरणमाळचा एकही म्हातारा नाही. ते काय सगळे धडधाकट आहेत? तो घाट उतरून इथवर येतो कोण!" तरी दिवसभर ते स्वतःशीच शीळ घालत होते.

आजार ओळखला तरी औषध नव्हतंच. दुसऱ्याचं रक्त देणं, एवढाच उपाय. म्हातारीचा मुलगा घाबरला, जावई सुई बघूनच आडवा झाला. शेवटी सून पदर खोचून पुढे आली. गट जुळला.

"ल्या मन्हं," ती म्हणाली. "घरमा भांडाले कोनी तरी पाहिजे."

दुसऱ्या दिवशी म्हातारी उशीला टेकून बसली आणि चहा पाणचट आहे म्हणून तिने दवाखाना डोक्यावर घेतला. सून हसत मला म्हणाली, "दखा बाई, मन्हं रगत बोली ऱ्हायनं!"

त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी त्या दोघी गाडीतून यायच्या. पुढे सुनेच्या भावांनीही रक्त दिलं. म्हातारी आणखी तीन वर्षं जगली आणि एका तापात चार दिवसांत गेली. सून माझ्या गळ्यात पडून लहान मुलीसारखी रडली.

पण मला आठवते ती त्याच्या आधीच्या थंडीतली सारंगखेड्याची यात्रा. नवं रक्त घेऊन आठवडाच झाला होता. म्हातारी सुनेच्या खांद्यावर हात ठेवून घोड्यांच्या रांगेतून चालत होती. एका पांढऱ्या घोड्यापाशी थांबली, घोडेवाल्याला त्याचे दात दाखवायला लावले, आणि दात बघता त्याने सांगितलेलं वय खोटं आहे म्हणून त्याच्याशी भांडायला उभी राहिली. सूनही पदर खोचून तिच्या बाजूने उतरली. मी जिलेबीचा पुडा हातात धरून दोघींचं होईपर्यंत तिथेच उभी राहिले.