ब्रेसाक सरदारांचे जॉर्जियातले वारस

अटलांटाजवळच्या अल्फारेटाहून निघालो तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर माझ्या शेजारी एक ढाल बसली होती. लाकडी, चकचकीत, निळ्यावर दोन पिवळे सिंह. पडू नये म्हणून तिला सीटबेल्ट लावला होता.

ही ढाल आम्ही मॉलमधून उचलली होती. तिथे एक स्टॉल आहे. आडनाव सांगा, बाई कॉम्प्युटरवर टाइप करते आणि तुमच्या घराण्याचं चिन्ह लाकडावर चढवून देते, सोबत एक पानभर इतिहास. आपल्याकडचा भाट पोथी काढून कुणालाही राजाचा वंशज करतो, तोच धंदा, फक्त एसीत. पानावर लिहिलं होतं : ब्रेसाक, मध्ययुगीन फ्रान्समधलं सरदार घराणं. डोंगरावर किल्ला, धर्मयुद्धात तलवारी, राजाच्या पंगतीला मान. पुढे धाकटी पाती समुद्र ओलांडून अमेरिकेत आली.

"इथे येऊन त्यांनी काय केलं?" मी विचारलं.

बाई गोड हसली. "ते आमच्या पॅकेजमध्ये नाही, हनी."

कापूस पिकवला, बाई. विकत आणलेल्या माणसांकडून.

२००६चा उन्हाळा. जातीविरुद्ध बोलायला मी नागपूरहून अमेरिकेत आले होते, बॅगेत पत्रकांचे गठ्ठे घेऊन. मुक्काम कॉलेजातली मैत्रीण प्रज्ञा हिच्याकडे. ती इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिच्या ऑफिसातली डेनीस ब्रेसाक गाडी चालवत होती. डेनीस काळी आहे. तिच्या गुलाम पूर्वजांचे मालक ब्रेसाक, म्हणून हीही ब्रेसाक. त्यांच्या फॅमिली रियुनियनला (भावकीचा वार्षिक मेळावा) तिनं आम्हांला बोलावलं होतं. ढाल तिच्या आत्यानं फोनवर ऑर्डर केली होती.

"आज सांगणार आहे तिला," डेनीस म्हणाली. "कोर्टात अर्ज देतेय. हे नाव टाकते. पण मला वाढवलं तिनंच. तिचं मन मोडेल, तेवढीच भीती."

"टाकच!" मी पुढे वाकून ओरडले. "चोराच्या घरची पाटी आपण का मिरवायची?"

"झालं सुरू," प्रज्ञा म्हणाली. "यार, भाषण तिकडे दे ना. निदान खायला तरी मिळेल."

अटलांटा मागे पडलं आणि मोकळं वाटायला लागलं. दोन्ही बाजूंनी पाइनची झाडं, मधूनच उघडी पडलेली लालभडक माती. एका वळणावर मी गाडी थांबवायलाच लावली. रस्त्याकडेला मोठ्या पातेल्यात चक्क भुईमुगाच्या शेंगा उकडत होत्या! मिठाच्या पाण्यातल्या, गरम, बोटं चिकट करणाऱ्या. पिशवी हातात घेऊन मी डेनीसला पुन्हा नावांचं राजकारण समजावू लागले. शेंगवाले आजोबा म्हणाले, "मॅम, कुठे उभ्या आहात तेवढं बघा." लाल मुंग्यांच्या वारुळावर! चपला एकीकडे, मी एकीकडे. डेनीस इतकी हसली की तिला गाडीला टेकावं लागलं.

चर्चच्या मागच्या मैदानात मेळावा भरला होता. सगळीकडे जांभळे टी-शर्ट, पाठीवर 'ब्रेसाक'. धुराच्या मागे उभा होता डेनीसचा चुलतभाऊ टायरोन. "इंडियाहून खास माझ्या रिब्ज खायला?" म्हणत त्यानं माझी ताटली गच्च भरली. निखाऱ्यावर भाजलेल्या बरगड्या, तळलेला मासा, कॉर्नब्रेड (मक्याच्या पिठाचा गोडसर पाव), कॉलर्ड ग्रीन्स (तासन्‌तास शिजवलेली जाड पानांची भाजी). प्रज्ञानं डब्यातला ठेचा पुढे केला. टायरोननं चमचाभर तोंडात टाकला, डोळे पुसले आणि डबाच ठेवून घेतला.

आत्याला सगळे मिस ओरा म्हणतात. पांढरी हॅट, हातात पंखा, झाडाखाली खुर्ची. ढाल त्यांनी उलटसुलट पाहिली आणि हाक मारली, "टायरोन! ही वळणावरच्या पाइनला ठोक. खाली बाण काढ. दर वर्षी लोक रस्ता चुकतात."

मी थक्क. "एवढ्यासाठी मागवली?"

"सिंह लांबून दिसतात, बाळा. आणखी काय उपयोग त्यांचा?"

मग त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं : आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, तेव्हा लोकांनी चिकटवलेलं आडनाव टाकून दिलं आणि गावाचं नाव लावलं.

"मग लोकांनी जात विचारणं सोडलं?"

"नाही. आता गाव विचारतात. नंतर गावात घर कुठल्या बाजूला ते."

मिस ओरा खुर्ची हलेपर्यंत हसल्या. "सगळीकडे सारखेच गं हे!"

ते हसू चालू असतानाच डेनीसनं सांगून टाकलं. आत्याचा पंखा थांबला.

"हेस्टरची गोष्ट तुला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. मला ठाऊक नव्हती, म्हणून माझ्याकडे वळल्या. हेस्टर त्यांची खापरपणजी. ब्रेसाकांनी तिची दोन लेकरं विकली, आयझॅक आणि लूसी. गुलामगिरीतून सुटका झाल्यावर आसपासच्या कित्येकांनी मालकाचं नाव टाकलं. हेस्टरनं ठेवलं. लेकरांना आईचं एवढंच नाव माहीत होतं. ते बदललं, तर ती शोधणार कुणाला?



"पण आता कोण येणार आहे, आंट ओरा?" डेनीस हळू म्हणाली.

"नसेल येणार कुणी. तू मोठी आहेस, दे अर्ज. आजच्या हजेरीला मात्र माझ्याजवळ उभी राहा."

जेवणानंतर हजेरी झाली. हेस्टरच्या एकेका लेकराचं नाव मिस ओरा पुकारत, त्या शाखेची माणसं उठून आरोळी ठोकत. साराची माणसं ओरडली, लहान मुलं खुर्च्यांवर चढली. मग "आयझॅक!" पुरुषांनी टोप्या काढल्या. या नावाला कुणी ओ देत नाही, क्षणभर थांबून पुढे जायचं, अशी रीत.

"इथे," मागून आवाज आला.

साध्या शर्टातला एक म्हातारा उभा राहिला, शेजारी त्याची बायको, लेक, नातू. टेक्ससमधल्या अर्विंगहून आले होते. नातवाला इंटरनेटवर मेळाव्याची सूचना दिसली होती. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेलं ब्रेसाक हे नाव तेच, काउंटीही (जिल्हा) तीच. जेवताना सगळ्यांना वाटलं होतं, चर्चमधलीच कुणी मंडळी असतील.

मिस ओरा त्याच्यापर्यंत चालत गेल्या, दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला आणि विचारलं, "जेवलास का?"

"एवढा उशीर?" टायरोन रडत ओरडला. "रिब्ज संपल्या ना, कझिन!" आणि मैदान उसळलं. मीसुद्धा अनोळखी बायकांच्या गळ्यात पडून नाचले, मुंग्या चावलेल्या पायांनी.

हजेरी अजून संपली नव्हती. मिस ओरांनी "लूसी!" पुकारलं. शांतता. त्या पुढच्या नावाकडे वळल्या, तेवढ्यात डेनीसनं रीत मोडली. रस्त्याकडे तोंड करून तिनं पुन्हा हाक मारली, "लूसी!"

परतताना मी विचारलंच, "कोर्टाचं काय?"

"लूसीची माणसं येऊ देत. मग बघू."

"ही चालढकल आहे!"

"आहेच," ती म्हणाली आणि उरलेल्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या.

माझं मत बदललेलं नाही. ते नाव लुटारूंचंच आहे, किल्ला असो नाहीतर कापूस. आमच्या आजोबांनी त्यांचं टाकलं, ते लाख वेळा बरोबर केलं. फक्त, ज्यांनी त्यांना शोधत यायचं, ती सगळी माणसं दीक्षेच्या दिवशी नागपूरच्या मैदानात त्यांना खेटून उभी होती. हेस्टरची दोन लेकरं अजून यायची होती.