हिरव्या डब्याखालची चार अक्षरं

बाळांनो, या नाताळात तुमचे बाबा एकटेच विमानाने इथे येतील आणि जाताना आजोबांच्या छोट्या रेल्वेचे डबे तुमच्यासाठी घेऊन जातील. त्याआधी कुठला डबा कोणी बनवला त्याची यादी करून ठेव, असं तुम्हीच मला सांगितलंत. ज्याचा कर्ता कळणार नाही तो मोडायचा आणि त्याची चाकं दुसऱ्या डब्यांना लावायची, हेही तुम्ही ठरवून टाकलंत. मोडायचं म्हटल्यावर मी लगेच कामाला लागले. यादी आता पुरी झाली आहे. पण एका डब्याबद्दल एका ओळीत लिहून भागत नाही, म्हणून हे पत्र.

डबे सात. एकही नवा घेतलेला नाही. ओरोसच्या कचेरीत नोकरीला असताना आजोबा अधूनमधून गोव्याला जात. तिथे ज्या घरातलं कोणी बोटीवर असे, त्या घरात मुलं मोठी झाल्यावर अशी परदेशी खेळणी माळ्यावर पडून असत. त्यांतला एखादा डबा आजोबा रुमालात गुंडाळून आणायचे. कोणाचा, कुठला, हे त्यांनी कधी लिहून ठेवलं नाही. माझ्या शिस्तीत हे बसत नव्हतं आणि मी तसं त्यांना सांगतही असे.

प्रत्येक डब्याला मी दोऱ्याने नंबराची चिठ्ठी बांधली आणि भिंग घेऊन बसले. पहिली गोष्ट शिकले ती ही, की डबा उलटा करून पाहायचा. वरच्या रंगावरून काही कळत नाही. तीन डब्यांच्या पोटाखाली कंपनीचं नाव ओतीव अक्षरांत होतं, फक्त मळाने बुजलेलं. दातांच्या जुन्या ब्रशने ते निघालं. चौथ्यावर नाव नव्हतं, पण डबे एकमेकांना जोडायची कडी प्रत्येक कंपनीची निराळी असते आणि परक्या कडीत अडकत नाही. चौथ्याची कडी पहिल्याच्या कडीत टक्कन बसली. म्हणजे दोघं एका घरचे. पाचवा आणि सहावा एकाच रुळावर चालतात, तरी शेजारी ठेवले की पाचवा थोराड दिसतो. का, ते बरेच दिवस कळेना. मग इंटरनेटवर वाचलं, की रूळ तेवढ्याच रुंदीचे ठेवून इंग्लिश कंपन्या डबे जरा मोठे करायच्या आणि जर्मन कंपन्या लहान. त्या दिवशी मी जेवायची विसरले. पुढे फोटो ताडून पाहून दोन्ही नावं मिळाली.

राहिला सातवा, हिरवा. चाकं इंग्लिश, पण वरचा डबा लाकडाचा. खिडक्या इतक्या बारीक कोरलेल्या, की माझी करंगळी जाईना. तळाच्या फळीवर एका कडेला टोच्याने खरवडलेली चार अक्षरं होती: डी, ए, व्ही, ओ. दुसऱ्या कडेला नुसता रंगाचा थर.

मी वाचलं ‘डेव्हो’. डेव्हो नावाच्या कंपनीचा मी दोन आठवडे शोध घेतला. जुने डबे जमवणाऱ्या एका परदेशी गृहस्थांना फोटो पाठवला. त्यांनी फार सभ्य उत्तर दिलं, की अशी कंपनी ऐकिवात नाही, कदाचित इटलीची असेल. यादीत मी ‘डेव्हो, इटली’ लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह घातलं. त्या प्रश्नचिन्हाने डबा मोडला जाणार होता.

तेवढ्यात आपली शेजारीण ताटली परत करायला आली. तिला तुम्ही ओळखता, नाताळात तुम्हाला करंजीसारख्या नेवऱ्या देते ती.

“काय गो, डबे उलटे घालून कित्या बसलंस?”

“ह्या डेव्हो कंपनीचो पत्तो लागना नाय.”

तिने माझ्या हातातलं भिंग घेतलं आणि हसत सुटली. “डेव्हो? आणि तू म्हणे इंग्रजी शिकलेली! डावो आसा गो ता. डावो, उजवो!”

ती गोव्याच्या हद्दीलगतच्या आरोंद्याच्या ख्रिस्ती घरातली. तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात कोकणी भाषा रोमन अक्षरांत छापलेली असते, त्यामुळे त्या अक्षरांत आपली बोली वाचणं तिला रोजचं. मला मात्र ती अक्षरं दिसली, की इंग्रजीखेरीज काही सुचत नाही.

“मग उजवो खंय आसा?” मी विचारलं.

दुसऱ्या कडेचा रंग मी नखाने काढला. यू, झेड, व्ही, ओ. झेडच्या पोटात एक आडवी रेघ होती. ती पाहून शेजारणीचं हसू थांबलं.

“पप्पांचो झेड,” ती म्हणाली.

तिचे वडील सुतार होते. फळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून ते अशा खुणा करायचे. चाकं शाबूत पण वरचा डबा फुटलेला, असं काहीतरी आजोबांनीच त्यांना नेऊन दिलं असणार. “सांजचे बारीक खिडक्यो कोरीत बसत. आवय म्हणा होती, म्हातारो खुळावलो, बाहुल्यांची घरां करता!” मग ती हळूच म्हणाली, “आरोंद्याचा घर नवीन बांधला तेव्हा दारां गेली. तेंच्या हातचा आमच्याकडे कायेक नाय. तू ह्यो मोडतलंस?”

“नाय. तूच घेवन जा.”

“माका कित्याक? माज्या घरात रूळ खंय आसत?” तिने डबा सरळ करून माझ्यापुढे ठेवला. “धाडून दी नातवंडांक. पप्पा जल्मात आगगाडीत बसूक नाय. डबो तरी विमानात बसांदे.”

मग मला आठवलं, की आपल्या मागच्या खिडकीची झडपं त्यांनीच केली होती. आम्ही दोघी स्टूल घेऊन गेलो. झडपांच्या वरच्या कडांवर, रंगाखाली, डावो आणि उजवो होते. चाळीसेक वर्षं ती झडपं मी रोज उघडते आणि लावते.

यादीत इटली खोडून मी ‘आरोंद्याचे सुतार, शेजारणीचे वडील’ असं लिहिलं आहे. कर्ता कळला, तेव्हा हा डबा मोडायचा नाही. त्यांच्या हातचं आता एवढंच शिल्लक आहे: तुमच्याकडे येणारा हा हिरवा डबा आणि इथल्या मागच्या खिडकीची दोन झडपं.