आबांनी आज साहेबांचं बूथ सोडलं

मंडळी, डोकं अजून तापलेलंच हाय, म्हणून लिहितोय.

आज सकाळी खुटबावला माझ्या चुलतीचा दहावा होता. पिंडाला कावळा शिवला आन् तेवढ्यात पक्षाचे उमेदवार गाड्यांचा ताफा घेऊन आले. तीन पिढ्या सत्ता ह्यांच्याच घरात. कार्यकर्त्यानं कानात चुलतीचं नाव सांगितलं आन् साहेबांनी माइक धरला.

"काकूंनी गेल्याच महिन्यात मला फोन केला. म्हणाल्या, बाळा, यंदाही तूच निवडून येणार."

माझे चुलते, आबा, तीस वर्षं ह्याच घराण्यासाठी बूथवर बसलेत. ते हळूच उठले.

"सायेब, लकव्यानं दोन वर्सं तिची वाचा गेलती. मला हाकबी मारता येत नव्हती तिला."

साहेब घड्याळ बघत पुढच्या दहाव्याला निघाले. साधं "चुकलो" सुद्धा न्हाई!

वर कार्यकर्ता म्हणतो, "आबा, मनावर घेऊ नका. साहेबांना दिवसाला चार दहावे असतात."

आबा एवढंच म्हणाले, "यंदा बूथवर दुसरं कोन बसतंय ते बघा."

अरे, मेलेल्या बाईच्या तोंडी स्वतःचा प्रचार घालता, लाज कशी वाटत न्हाई? पडल्यावर हेच बोंबलतील, विरोधकांनी मतं फोडली.

तुम्हीच सांगा, आबांचं मत कुणी फोडलं?