आतली हवा, बाहेरची हवा

हवा खाणारी माणसं सगळीकडे असतात, हवा करणारी त्याहून जास्त. पण हवेला शिस्त लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते नेमके माझे सासरे निघाले. अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी उभी नोकरी काढली. खातं असं, की तिथे दमट हवा शिरली तर माल वाया जायचा. म्हणून पंखे, झडपा आणि भिंतीवरचे काटे यांच्यावर नजर ठेवायला जो माणूस होता, ते हे. "मी माणसं नाही सांभाळली, जावईबापू, हवा सांभाळली," हे ते अशा थाटात सांगायचे की अंबरनाथच्या आभाळाची किल्ली अजून यांच्याच कमरेला असावी. ते निवृत्त झाले आणि सांभाळायला हवाच उरली नाही. त्याच सुमारास मी एसीची गाडी घेतली. पुढे जे झालं त्याला दोघांपैकी कुणी जबाबदार नाही. म्हणजे, एक गोष्ट सोडून. त्या एका गोष्टीचा दोष आमच्या घरात दोन वर्षं त्यांच्या माथी होता, आणि तो माझा होता. मी बोलका माणूस नाही, त्यामुळे ती सांगायला वेळ लागेल. आधी त्यांच्याबद्दल सांगतो.

उन्हात उभ्या असलेल्या गाडीत शिरून लगेच एसी लावणं हे त्यांच्या लेखी जेवायच्या ताटात चपला घालून उभं राहण्यासारखं. आधी चारही काचा खाली. मग डावीकडची मागची काच तेवढी उघडी ठेवून उजवीकडचं पुढचं दार पाच वेळा उघडायचं नि लावायचं, सुपानं पाखडल्यासारखं. त्यानं आतली तापलेली हवा बाहेर फेकली जाते. हे सगळं बदलापूरला हेंद्रेपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या गेटसमोर, भर दुपारी, धोतराचा सोगा सांभाळत चालायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा वॉचमन धावत आला. "काका, दार अटकलंय काय? मी खेचू?" "दार नाही, हवा अटकलीय," हे म्हणाले, आणि त्याला दुसऱ्या बाजूच्या काचेपाशी उभं करून बाहेर येणाऱ्या हवेचा गरम झोत तोंडावर घ्यायला लावला. तेव्हापासून सोसायटीतल्या कुणाचीही गाडी उन्हातून निघाली की वॉचमन आपणहून दार पाखडून देतो. लोकांना वाटतं, सोसायटीनं नवीन सेवा सुरू केलीय.

गाडी चालू झाली की पहिली काही मिनिटं काचा उघड्या, पंखा जोरात. मग काचा बंद, एसी चालू, आकडा चोवीसवर. अठरा केलं की म्हणायचे, "भाजी ठेवायचीय का आत?" झोत तोंडावर नाही घ्यायचा, छताकडे सोडायचा, गार हवा आपली आपण खाली उतरते, तिला ओढायची गरज नसते. मुक्कामाच्या थोडं आधी एसी बंद करून नुसता पंखा ठेवायचा, म्हणजे आतलं ओलं वाळतं आणि गाडीला कुबट वास येत नाही. अंबरनाथला त्यांच्या घरी जाताना ठरलेल्या वळणावर ते खाकरायचे. खाकरणं म्हणजे एसी बंद. माझा हात आपोआप जायचा. एकदा त्यांना खरोखरच खोकला झाला होता, तेव्हा बदलापूर ते अंबरनाथ एवढ्या अंतरात मी सात वेळा एसी बंद केला.

पण त्यांचा जीव खरा अडकला होता तो एका बटणात. ज्यावर छोटीशी मोटार आणि तिच्या पोटात गोल वळलेला बाण असतो, ते. दाबलं की आतलीच हवा आत फिरते, सोडलं की बाहेरची येते. ते याला सुटसुटीतपणे 'आतली' आणि 'बाहेरची' म्हणायचे. उल्हासनगरला जाताना नाल्याचा पूल यायच्या आधी "आतली!" असा हुकूम सुटायचा आणि पूल ओलांडला, वास सरला, की "आता बाहेरची!" कारण फार वेळ आतलीच फिरवली की डोळ्यांवर झापड येते, आणि पावसात काचा धुरकटतात. माझ्या मेव्हण्यासाठी मुलगी बघायला आम्ही निघालो, तेव्हा रस्ता दाखवायला म्हणून मुलीच्या मावशीला शहाडला गाडीत घेतलं. बाई पदर सावरून मागे बसल्या. तेवढ्यात पूल आला आणि आमचे सासरे मला गंभीरपणे म्हणाले, "जावईबापू, किती वेळ बाहेरची घेणार? सोडा तिला आता. थोडा वेळ आतलीवर भागवा." मावशींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या माझ्या बायकोकडे, आणि तिच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "सहन करता हो तुम्ही!" लग्न जमलं. पण त्या मावशी अजून कुठल्याही कार्यात माझ्या हातात सरबताचा ग्लास देताना नजर खाली ठेवतात.

उल्हासनगरच्या कॅम्पात गाडीचे एसी दुरुस्त करणारा एक सिंधी होता. तो गाडीचं बॉनेट उघडायच्या आधीच निदान करायचा. "गॅस खतम हो गया, साईं. भर देता हूँ." सासरे स्टुलावरून उठले. "खतम कैसे होगा? गॅस काय पेट्रोल आहे? वो जळता नहीं, गोल घूमता है. कमी झाला म्हणजे कहीं तो गळता है. पहले गळती ढूंढो." त्यांचं हिंदी असंच, मराठीला टोपी घातलेलं. तासाभरानं एका नळीच्या सांध्यावर साबणाच्या पाण्याचे बुडबुडे आले आणि त्या मेकॅनिकनं त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवून चहा पाजला. "साईं, दुकान पे बैठ जाओ रोज." घरी पोचल्यावर उतरताना ते मला म्हणाले, "बघा, अजून कुणीतरी विचारतं."

आता ती गोष्ट.

श्रावणातली दुपार, पाऊस लागलेला. मेव्हण्याच्या मुलीचं बारसं उल्हासनगरला. पुढे मी आणि सासरे, मागे सासूबाई आणि ही. आदल्याच आठवड्यात माझ्या ऑफिसच्या माणसांसमोर ते हसत म्हणाले होते, "आमच्या जावयांना गाडी चालवता येते, पण हवा चालवता येत नाही." सगळे हसले, मीही हसलो, आणि ते माझ्या मनात कुसळासारखं राहिलं. पूल आला, मी आतली केली. पूल गेला. ते म्हणाले, "आता बाहेरची." मी ऐकलं नाही असं दाखवलं. काच कडेनं धुरकटायला लागली. "जावईबापू, बाहेरची करा आणि झोत काचेवर सोडा. आत्ता स्वच्छ होईल." मी म्हणालो, "नाना, गाडी मी चालवतोय ना?" आणि हट्टानं हातानंच काच पुसली. पुसलेल्या त्या भाकरीएवढ्या जागेतून मला रस्ता दिसत होता, रस्त्याकडेला उभा केलेला टेम्पो दिसला नाही.

वेग फार नव्हता. पण सासूबाईंनी पट्टा लावला नव्हता, त्या पुढच्या सीटवर आदळल्या आणि मनगट मोडलं. ही ओरडली, "अहो, काय केलंत!" मी वळलो आणि म्हणालो, "नाना सारखे बटणाला हात लावत होते. माझं लक्ष गेलं."

त्यांचे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीभोवती होते. तिच्यात बाळाच्या वाळ्यांचं खोकं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग मागे वळून लेकीला म्हणाले, "हो गं. माझंच चुकलं."

तेव्हापासून त्यांची जागा मागे. हिनंच सांगितलं, "नाना, तुम्ही आता पुढे बसायचं नाही." ते मागे बसायला लागले, पाय जवळ घेऊन, जणू कुणीतरी पोचवायला दिलेलं सामान. हुकूम नाही, खाकरणं नाही. सासूबाईंचं मनगट जुळलं पण पोळी लाटताना दुखायचं, म्हणून पोळ्या सासरे करायला लागले. दोन वर्षं मी दर रविवारी त्या पोळ्या खाल्ल्या. चव चांगली असायची, गिळायला वेळ लागायचा.

गेल्या संक्रांतीच्या आसपासचा रविवार. सासूबाई ओट्याला टेकून उभ्या होत्या. "बटणं दाबायची फार हौस होती ना? दाबा आता लाटणं." नेहमीचाच टोमणा, रागही नव्हता त्यात. हे हसून लाटत होते. आणि माझ्या तोंडून आलं, "आई, नानांनी बटणाला हात नव्हता लावला. ते मला सांगत होते, मी ऐकलं नाही. मी खोटं बोललो."

हिनं गॅस बंद केला. तव्यावरची पोळी अर्धी कच्ची होती. "दोन वर्षं?" एवढंच म्हणाली. सासूबाईंनी दुखरा हात दुसऱ्या हातात धरला आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या. "आणि तुम्ही? तुम्हाला तोंड नव्हतं?"

सासरे माझ्यावरच चिडले. "कशाला बोललात? मी नेलं असतं निभावून." मग बायकोला म्हणाले, "जावयाला पोरीसमोर खोटा पाडू? तिला त्या दिवशी याच्याच गाडीतून घरी जायचं होतं."

ही माझ्याशी चार दिवस बोलली नाही, आणि ते मला बरं वाटलं. पाचव्या दिवशी तिनं वडिलांना हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. मला वाटलं, आता सगळं पूर्ववत होईल. ते पट्टा लावतात, हात मांडीवर ठेवतात, बाहेर बघतात. मी मुद्दाम चुकतो. आकडा अठरावर नेतो, झोत तोंडावर सोडतो. विचारतो, "नाना, बरोबर आहे ना?" "तुमची गाडी, तुम्हाला कळतं," ते म्हणतात. अगदी मनापासून, आदरानं. इतक्या आदरानं माझ्याशी आजवर कुणी बोललं नाही.

परवा त्यांना घरी सोडायला निघालो. मागून सासूबाई म्हणाल्या, "अहो, बोला की काहीतरी. गाडीत मेलं करमत नाही." ते नुसते हसले. खाकरण्याचं ते ठरलेलं वळण जवळ आलं, तशी मी गाडी जरा हळू घेतली. अंबरनाथ एरवी फार लवकर येतं.