रोटाचं पीठ आणि माझी बाटली

“तुमच्या लघवीत जंतू आहेत,” जळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुसऱ्या खेपेचा चौथा महिना होता. ना जळजळ, ना ताप. याला अ‍ॅसिम्प्टोमॅटिक बॅक्टेरियुरिया म्हणतात, म्हणजे जंतू असतात पण बाईला काही जाणवत नाही. युरिन कल्चर केलं, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहिले, तरच कळतं.

“मागच्या वेळी रिपोर्ट चांगला होता. मग जंतू मूत्रपिंडापर्यंत गेले कसे, ते मला तेव्हाही समजलं नाही,” बाई म्हणाल्या.

मागच्या वेळी सातव्या महिन्यात मला हुडहुडी भरून ताप आला. मुलगा अपुऱ्या दिवसांचा झाला आणि गेला. माझ्या सासूबाई, आक्का, गावभर म्हणत फिरल्या, “हिनी कूसच कच्ची शे.” दोष माझ्याच कुशीला.

बाहेर बाकावर नणंद बसली होती. तिला हे सांगितलं तशी ती रडायलाच लागली.

“वहिनी, ती बाटली मनी व्हती.” म्हणजे तिची स्वतःची.

झालं होतं असं. त्या श्रावणात सकाळची पहिली लघवी बाटलीत भरून मी आक्कांकडे दिली. आक्का आणि नणंद, मायलेकी, कानबाईच्या म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाच्या खरेदीला जळगावला निघाल्या होत्या. घरात देवीच्या रोटाचं, म्हणजे नैवेद्याचं, पीठ दळून ठेवलेलं, सगळं सोवळं. देवीच्या सामानाबरोबर ही घाण कशी न्यायची, म्हणून आक्कांनी बाटली उकिरड्यावर रिकामी केली, धुतली आणि दवाखान्यात लेकीकडून भरून घेतली. रिपोर्ट लेकीचा, नाव माझं.

माझं डोकंच फिरलं. पण घरी जाऊन मी भांडले नाही. भांडण दोन दिवसांत विरून जातं, मला ते पुरवून पुरवून वापरायचं होतं.

गोळ्या संपल्यावर पुन्हा कल्चर करायचं होतं. नवऱ्यादेखत सगळं सांगितलं आणि बाटली आक्कांपुढे धरली. नवरा एवढंच म्हणाला, “धर, माय.” एसटीत धरणगावपासून जळगावपर्यंत ती त्यांच्या मांडीवर होती. दवाखान्यात तपासणीच्या खिडकीवरच्या माणसाने विचारलं, कोणाची? “मनी सूननी शे,” आक्का हळूच म्हणाल्या. “मोठ्याने सांगा, त्यांना ऐकू गेलं नाही,” मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, जीव थंड झाला. नंतर बाळंत होईपर्यंत दर महिन्याला बाटली त्यांनीच नेली. पूर्ण दिवसांची मुलगी झाली.

बायांनो, काही होत नसलं तरी लघवी तपासून घ्या, आणि बाटली आपल्या हाताने द्या. मी उपकार मानते ते नणंदेचे. ती खरं बोलली.

पुढे तिला दिवस गेले, माहेरी आली. पुन्हा कानबाईचे दिवस. सकाळी आक्का तिची बाटली घेऊन निघाल्या.

“आक्का, घरमा रोटनं पीठ शे,” मी म्हटलं.

त्या उंबऱ्यात थांबल्या. मग बाटली पदराखाली घेऊन स्टँडकडे चालू लागल्या. लेकीची बाटली मात्र देवीला चालली.

आता आक्का थकल्यात. त्यांचे पाय मीच चेपते. माफी त्यांनी अजून मागितलेली नाही, आणि मागितली तरी मी देणार नाही.